पहिलं वेप (ई-सिगारेट) कुठलं घ्यावं? रीडिंगच्या दादांच्या पत्राला उत्तर

पत्र: "मी ४१ वर्षांचा, मूळचा कोल्हापूरचा, ११ वर्षं झाली इंग्लंडात, रीडिंगला राहतो. कॉलेजपासून सिगारेट, आता रोजच्या १५. निकोटीनचे पॅच लावून दोनदा सोडली, एकदा तीन आठवडे टिकलं, एकदा दोन महिने. आता मुलगी ६ वर्षांची झालीये, परवा म्हणाली बाबा तुझ्या जॅकेटचा वास नको. ऑफिसातला मित्र म्हणाला वेपवर ये. दुकानात गेलो तर भिंतभर रंगीत डब्या, काउंटरवरच्या पोराने १०० वॅटचं काहीतरी दाखवलं, ओहम काय मेश काय, एक अक्षर कळलं नाही, बाहेर आलो आणि सिगारेटच पेटवली. पहिलं मशीन कुठलं घेऊ? निकोटीन किती? बायको म्हणते हे आगीतून फुफाट्यात आहे, खरं का? डिसेंबरात घरी जाणारे, तेव्हा नेता येईल का? आणि पुण्यातला १९ वर्षांचा पुतण्या मागे लागलाय, काका येताना मला पण एक आण, त्याचं काय करू?"

दादा,

ती भिंत मला माहितीये. २०१८ च्या फेब्रुवारीत मी पण अशाच एका दुकानात उभा होतो, रोजच्या १८ सिगारेटी, आणि माझ्या हातात तिथल्या माणसाने चांगलं पाव किलोचं एक धूड ठेवलं, वर जाडजूड टाकी, स्क्रीनवर आकडे, आणि सोबत लिक्विड दिलं ३ मिलिग्रॅम निकोटीनचं, का तर म्हणे नवीन आहात ना, कमीपासून सुरुवात करा. मला पण ते पटलं, ऐकायला शहाणपणाचं वाटतं ना. घरी येऊन ओढलं तर खोलीभर ढग, मला ठसका लागून डोळ्यात पाणी, आणि तलफ मात्र होती तिथेच. दिवसभर ते धूड ओढत बसायचो आणि संध्याकाळी खाली जाऊन सिगारेट पण ओढायचो. नवव्या दिवशी ते ड्रॉवरमध्ये गेलं ते गेलंच.

हे आधी सांगितलं कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर यातच आहे. सिगारेट सोडायला वेप घेणाऱ्या माणसाने सगळ्यात छोटं, सगळ्यात साधं मशीन घ्यायचं आणि निकोटीन मात्र पुरेसं घ्यायचं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, मशीन मोठं आणि निकोटीन कमी, आणि मग म्हणतात वेपने काही होत नाही.

मशीनचं बघू. तुमच्यासाठी आहे तो पॉड किट, रिफिल करता येणारा. पेनड्राइव्हपेक्षा थोडा मोठा, खिशात मावणारा, आत बॅटरी, वर एक प्लास्टिकचा पॉड. त्या पॉडमध्ये लिक्विड भरायचं आणि त्यातच कॉइल असते, कॉइल म्हणजे कापसाभोवती एक बारीक तार किंवा जाळी (मेश म्हणतात ती हीच), ती तापली की कापसात शोषलेल्या लिक्विडची वाफ होते, बस, एवढंच यंत्र आहे ते. मॉडेलचं नाव मुद्दाम घेत नाही कारण दर काही महिन्यांनी नवीन येतं, खुणा सांगतो त्या लक्षात ठेवा. बटण नसलेलं, नुसतं ओढलं की चालू होणारं. कॉइल ०.८ ते १.२ ओहमच्या मधली. बॅटरी आतलीच, क्षमता ८०० ते १००० एमएएचच्या आसपास, यूएसबी-सी चार्जिंग. पॉड पारदर्शक असलेला, म्हणजे लिक्विड किती उरलं ते बाहेरून दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याचे सुटे पॉड तुमच्या घराजवळच्या दोन दुकानांत तरी मिळतात असंच घ्या, कारण शनिवारी रात्री पॉड करपला आणि दुसरा नसला की माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेटच आणायला जातो.

ओहमची भीती बाळगू नका, कॉइलची तार विजेला किती अडवते त्याचं ते माप. आकडा मोठा म्हणजे वाफ कमी आणि ओढायला घट्ट, अगदी सिगारेटसारखं, आधी तोंडात घ्यायचं मग आत. आकडा छोटा, ०.२ किंवा ०.३, म्हणजे थेट फुफ्फुसात ओढायचं, ढगच ढग, बाटल्याच्या बाटल्या लिक्विड पिणारं प्रकरण. तो पोरगा तुम्हाला १०० वॅटचं दाखवत होता ते हेच. ते शौकिनांचं आहे. तुम्हाला १०-१५ वॅट भरपूर झाले आणि पॉडमध्ये ते आपोआप सेट होतं, तुम्ही बघायची पण गरज नाही.

डिस्पोजेबल, म्हणजे वापरा आणि फेका, ते यूकेत १ जून २०२५ पासून विकायला बंदी आहे, कोणी काउंटरखालून काढून दिलंच तर घेऊ नका, जो माणूस तो नियम मोडतो तो बाकीचे पण मोडत असणार. तयार भरलेले पॉड मिळतात, ते सोपे पडतात, भरायची कटकट नाही, पहिला आठवडा त्यावर काढलात तरी माझी हरकत नाही. पण महाग पडतात आणि त्याच कंपनीला बांधले जाता.

आता निकोटीन, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

ते धूड ड्रॉवरमध्ये गेल्यावर दोन महिन्यांनी मी आमच्या भागातल्या स्टॉप स्मोकिंग सर्व्हिसमध्ये गेलो, फुकट असते ती. तिथल्या बाईंनी मशीनबद्दल काहीच विचारलं नाही. पहिला प्रश्न, सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने? मी म्हटलं चहा टाकतो तेव्हा, पाच मिनिटांत. मग त्यांनी एक हातात मावणारं मीटर दिलं, श्वास रोखायला लावला, पंधरा सेकंद, आणि मग नळीत सावकाश फुंकायला सांगितलं. आकडा वर वर चढत गेला आणि २४ वर थांबला. तो कार्बन मोनॉक्साइडचा आकडा, न ओढणाऱ्या माणसाचा एक आकडी येतो. त्या म्हणाल्या ३ मिलिग्रॅमने तुम्हाला काय होणार होतं, तुम्हाला १८ लागतं. त्या दिवशी बाईंनी दिलेलं छोटंसं किट आणि १८ चं लिक्विड घेऊन मी घरी गेलो आणि त्या रात्री सिगारेट ओढली नाही. तीन आठवड्यांनी परत फुंकलं, २ आला. त्या मीटरचा तो २ मला आजही डोळ्यासमोर दिसतो.

तर तुमचं गणित. यूकेत कायद्याने लिक्विडमध्ये मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटीन, बाटलीवर कधी २० लिहितात कधी २%, एकच ते. पॉडमध्ये २ मिलिलिटर, बाटली १० मिलिलिटरची, त्यापेक्षा मोठं निकोटीनचं काही विकायला परवानगी नाही, म्हणजे कोणी तुम्हाला ५% म्हणून काही दिलं तर ते बेकायदा आहे, तिथून निघा. रोजच्या १५ सिगारेटी आणि पहिली अर्ध्या तासाच्या आत असेल तर सरळ २० ने सुरू करा, निकोटीन सॉल्ट मागा. साधं निकोटीन जास्त ताकदीचं घेतलं की घशाला खरखरतं, सॉल्ट मऊ लागतं आणि तलफ पण पटकन भागवतं. डोकं गरगरलं, मळमळलं तर जास्त झालं, बाजूला ठेवा, पुढची बाटली १० ची घ्या. उलट सारखं हातातच राहत असेल, दर दोन मिनिटांनी ओढताय आणि तरी चिडचिड, तर कमी पडतंय. लोकांना वाटतं कमी निकोटीन म्हणजे कमी धोका, पण निकोटीन कमी पडलं की तुम्ही परत सिगारेटवर जाता, आणि खरा धोका तिथे आहे.

२०१९ मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता, ८८६ लोक, सगळे सोडायची इच्छा असलेले, निम्म्यांना पॅच-गम वगैरे आणि निम्म्यांना रिफिल करायचं साधं वेप आणि १८ मिलिग्रॅमची एक बाटली, दोघांनाही दर आठवड्याला माणूस भेटून धीर द्यायला. वर्षाने बघितलं तर वेपवाले १८% सुटलेले, पॅचवाले ९.९%. जवळपास दुप्पट. पण त्यातलीच दुसरी गोष्ट पण सांगायला हवी, वेपने जे सुटले त्यातले ८०% लोक वर्षानंतरही वेप ओढत होते. म्हणजे सिगारेट जाते पण निकोटीन लगेच जात नाही, हे मनाशी धरूनच सुरू करा.

वहिनींच्या प्रश्नावर येतो, कारण तो तुमच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा चांगला आहे. आगीतून फुफाट्यात का? तुमच्यासाठी नाही, आणि कारण शब्दशः आगच आहे. सिगारेटचं टोक झुरका घेताना ९०० अंशांच्या आसपास तापतं, तंबाखू जळते, आणि जळण्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येतो, माणूस मरतो तो मुख्यतः त्याने. निकोटीन व्यसन लावतं हे खरं, पण कॅन्सर मुख्यतः धुराने होतो. वेपमध्ये जळत काही नाही. म्हणून एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, ओढणाऱ्यांना सांगते की सिगारेटपेक्षा वेप बरंच कमी घातक आहे. पण निर्धोक आहे असं तेही म्हणत नाहीत, आणि वीस-तीस वर्षांनी काय होतं ते कळायला ही गोष्ट अजून तेवढी जुनी नाही. जो ओढतच नाही त्याने हात लावू नये. वहिनींना एवढं सांगा, आणि त्या अमेरिकेतल्या बातम्या दाखवतील, २०१९ मध्ये तिकडे पोरं फुफ्फुसं निकामी होऊन हॉस्पिटलात गेली होती, ६८ लोक दगावले, ते खरंय. त्याचं मुख्य कारण निघालं ते गांजाच्या वेपमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, बहुतेक माल काळ्या बाजारातला. त्यातून आपण घ्यायचं ते एवढंच की लिक्विड नीट दुकानातूनच, सीलबंद, लेबल असलेलं, कुणी घरी बनवलेलं नको, कुणाच्या मित्राचं नको.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, दोन्ही एकत्र चालवू नका. पहिले चार-पाच दिवस एखादी झाली तर झाली, पण "दिवसा वेप आणि रात्री जेवणानंतर दोन सिगारेटी" ही व्यवस्था बसली की ती वर्षानुवर्षं बसते, खर्च दोन्हीचा आणि फायदा नावापुरता. एक तारीख ठरवा, आदल्या रात्री उरलेली पाकिटं आणि लायटर घराबाहेर.

वापरायचं कसं ते दुकानात कोणी नीट सांगत नाही म्हणून सांगतो. पॉडच्या बाजूला एक रबराचं बूच असतं, नखाने उचकटायचं, बाटलीचं टोक आत घालून हळूहळू पिळायचं, काठोकाठ भरायचं नाही, बूच दाबून बसवायचं, बाहेर सांडलेलं टिश्यूने पुसायचं. आणि मग थांबायचं, दहा मिनिटं, घड्याळ लावून. नवीन पॉडचा कापूस कोरडा असतो, तो पूर्ण भिजायच्या आत ओढलं तर कापूस करपतो आणि एकदा करपला की ती करपट चव जात नाही, पॉड फेकावाच लागतो. माझे पहिले दोन पॉड असेच गेले, प्रत्येकी अडीच पाउंड. सिगारेटचा आपण जोरात छोटा झुरका मारतो, इथे सावकाश, तीन-चार सेकंद, हलकं. जोरात ओढलं की लिक्विड तोंडात येतं आणि आतून गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. चव मंदावली किंवा काळपट लागायला लागली की पॉड बदला, एक-दोन आठवडे टिकतो, गोड लिक्विड असेल तर कमी, कारण गोडवा तारेवर चिकटून काळा थर बसतो.

लिक्विडच्या बाटलीवर पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल) आणि व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) यांचं प्रमाण लिहिलेलं असतं, तुम्ही ५०-५० घ्या, ७० व्हीजीवालं घट्ट असतं, छोट्या पॉडच्या कापसात ते शिरत नाही. फ्लेवर तुमच्या मनाने. मी तंबाखूचाच घेतला होता आणि तीच चूक झाली असं वाटतं, कारण सारखी सिगारेटचीच आठवण यायची, पुदिन्यावर गेल्यावर ती तुटली. पण काही जणांना तंबाखूच लागते, एक-एक छोटी बाटली आणून बघा.

खर्च म्हणाल तर किट १५ ते २५ पाउंड, बाटली तीन-चार पाउंड, आणि १ ऑक्टोबर २०२६ पासून १० मिलिलिटरवर २ पाउंड २० पेन्स ड्युटी ठरलीये, म्हणजे महागणार. तरी इथलं सिगारेटचं २० चं पाकीट आता १५ पाउंडांच्या वर गेलंय, हिशोब तुम्हीच करा. त्याआधी मात्र तुमच्या काउन्सिलच्या स्टॉप स्मोकिंग सर्व्हिसला फोन करा, २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये स्वॅप टू स्टॉप म्हणून योजना सुरू झाली, किट फुकट आणि सोबत माणूस पण, तुमच्याकडे मिळतं का विचारा. पॅचने दोनदा सुटली होती ना, तीन आठवडे आणि दोन महिने, ते वाया गेलेलं नाही, तिथे विचारा की वेपसोबत पॅच पण लावू का. गोळ्यांचा पर्याय पण आहे, व्हॅरेनिक्लिन आणि सायटिसीन, वेप नकोच वाटलं तर.

हां, आणि चहा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सिगारेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफीन भराभर संपवतं, सिगारेट थांबली की तेच कॅफीन अंगात खूप जास्त वेळ राहतं. म्हणून पहिल्या आठवड्यात छाती धडधडते, झोप येत नाही, आणि माणसाला वाटतं ही सिगारेटचीच तलफ. पाच कप घेत असाल तर तीनवर या. काही औषधांचंही असंच होतं, मानसिक आजाराची क्लोझापिन किंवा ओलान्झापिन, दम्याचं थिओफिलिन, असलं काही चालू असेल तर सोडायच्या आधी जीपीला, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरला, सांगा, डोस बदलावा लागतो.

घरात ६ वर्षांची मुलगी आहे, तर बाटली औषधांच्या कपाटात, वर, झाकण क्लिक होईपर्यंत फिरवून. त्या बाटलीवर फळांची चित्रं असतात आणि वास खाऊच्या गोळीसारखा येतो, आणि २० मिलिग्रॅमची ती बाटली लहान पोराच्या पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. पॉड पण टेबलावर नको. तिच्यासमोर, गाडीत, घरात ओढू नका, बाहेरच जा, पूर्वीसारखेच.

डिसेंबरचं. नेऊ नका. भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला, ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं, जाहिरात करणं सगळ्यावर बंदी. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बॅगेतून एक आणणं ही पण आयातच, "माझ्या स्वतःसाठी आहे" हे मुंबई एअरपोर्टवर सांगून चालेल असं धरून चालू नका. मशीन रीडिंगला घरी ठेवा. इथून पॅच घेऊन जा, तिकडे २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम मेडिकलमध्ये सहज मिळतो, दोन्ही मिळून तीन आठवडे निघतात, माझे निघाले. अवघड वेळ येते ती वेगळीच, जुने मित्र, टपरी, कटिंग, आणि कुणीतरी न विचारता पाकीट पुढे करतो. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की सोडलीये, आणि टपरीवर चहा आला की ग्लास दोन्ही हातांनी धरायचो.

आणि पुतण्या. नाही म्हणून सांगा, आणि कायद्याचं कारण देऊन सुटका करून घेऊ नका, कारण त्याला पुण्यात ते चोरून मिळतंच आणि त्याला ते माहितीये. आधी विचारा तो सिगारेट ओढतो का. ओढत नसेल तर त्याला सोडवण्यासारखं काहीच नाही, तो फक्त नवीन व्यसन विकत घेणार, आणि तिकडे चोरून येणाऱ्या मालात निकोटीन किती आणि बाकी काय, हे तपासणारं कोणी नाही. ओढत असेल तर त्याच्या बापाला न सांगता त्याला सरकारी क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा, नंबर द्या, १८००-११-२३५६, टोल फ्री आहे. त्याने काका म्हणून तुम्हालाच विचारलंय, म्हणजे तुमचं तो ऐकतो. त्याला त्या जॅकेटच्या वासाचं सांगा, तुमची मुलगी काय म्हणाली ते. आणि कॉलेजात पहिली कशी पेटवली आणि ४१ व्या वर्षी दुकानातल्या भिंतीसमोर कसे उभे होतात, ते पण सांगा, मला लिहिलंत तसंच.

मीटरवर फुंकलंत की पहिला आकडा किती आला ते नक्की कळवा.